तोंडी दिलेली चूक

"हात वर कर. अजून वर. मागच्यांना दिसला पाहिजे."

निनाद सर माईकवरून बोलले आणि मी उजवा हात वर केला. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलेलं, मधलं अर्धं. कॅन्टीनच्या शेडमध्ये सुरक्षा सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. पुढं सोफ्यावर प्लँट हेड आणि पुण्याहून आलेले पाहुणे, त्यांच्यामागं खुर्च्यांवर स्टाफ, आणि पार मागं फरशीवर मांडी घालून आम्ही. आम्ही म्हणजे कामगार. मी त्या दिवशी तेवढा पुढं होतो, कारण मी नाटकात होतो.

नाटक निनाद सरांनी लिहिलेलं. ते एचआरचे. सूत्रधारही तेच. नाटकात एक शहाणा कामगार होता, तो ऑफिसमधल्या एका गोऱ्या पोरानं केला. आणि एक बेफिकीर बंडू होता, तो मी. बंडूचे केस विस्कटलेले, शर्ट अर्धा बाहेर, गालात गुटख्याचा तोबरा म्हणून कापसाचा बोळा. बंडू धडपडतो, शिव्या खातो, हसं करून घेतो आणि शेवटी त्याची बोटं जातात.

"आता बोल," सर म्हणाले.

मी बोललो. "माझीच चूक झाली साहेब. मी मशीनवर मोबाईलवर बोलत होतो."

टाळ्या पडल्या. प्लँट हेड पुढं वाकून म्हणाले, "हा एकदम रिअल वाटतो हो."

निनाद सर हसले. "सर, रिअलच आहे."

सोफा हसला. मग खुर्च्या हसल्या. फरशीपर्यंत ते हसू पोचलं नाही. एकदोघं हसले असतील, पण बाकीचे माझ्याकडं बघतच नव्हते. कारण आमच्या कंपनीत मोबाईल आत नेता येत नाही. गेटवर जमा करावा लागतो, पत्र्याचं टोकन मिळतं. हे फरशीवरच्या प्रत्येकाला माहीत. निनाद सरांना तर जास्तच माहीत, नियम त्यांनीच केलेला. तरी मी एवढ्या माणसांपुढं ते खोटं बोललो, आणि एवढ्या माणसांनी खोटं आहे हे माहीत असून ते ऐकून घेतलं.

मला बक्षीस म्हणून स्टीलची पाण्याची बाटली मिळाली. स्टेजवरून उतरताना मी फरशीकडं बघितलंच नाही. राग नव्हता तो, लाज होती. राग यायला दोन दिवस लागले.

खरं काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्हालाही वाटेल की बंडू होताच थोडा बेफिकीर.

चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीत पत्र्याचे पार्ट दाबायच्या प्रेस आहेत. जुन्या. प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येतो. त्यामागं साधी अक्कल आहे. दोन्ही हात बटणावर असले तर एकही हात डायखाली नसतो. पण असं केलं की माल कमी निघतो. म्हणून एक बटण दाबून त्याच्यावर चिकटपट्टी गुंडाळतात. मग डाव्या हातानं उरलेलं बटण दाबायचं आणि उजव्यानं पार्ट ठेवायचा, काढायचा. ठेव, ठाक, काढ. ठेव, ठाक, काढ. आमच्यात याला 'एकहाती' म्हणतात. नवा माणूस आला की सुपरवायझरचा पहिला प्रश्न असतो, "एकहाती जमतं का?" जमतं म्हणाला तर प्रेस. नाही म्हणाला तर झाडू.

ऑडिटच्या दिवशी पट्ट्या निघतात. ऑडिटवाल्यांची गाडी गेटबाहेर पडली की परत लागतात. हे सगळे बघतात आणि कोणी बोलत नाही, कारण बोलणारा उद्या गेटबाहेर असतो. आम्ही ठेकेदाराची माणसं. आम्हाला काढायला कारण लागत नाही.

माझी बोटं एकहातीत गेली. दुखलं किती ते सांगत नाही, ते सांगायची गोष्ट नाही. ठेकेदार दवाखान्यात आला तो सफरचंदं घेऊन. आयुष्यात त्यानं मला कधी अर्धा चहा पाजला नव्हता. मला तेव्हाच वास आला. तो म्हणाला, "काढणार नाही तुला. पॅकिंगला घेऊ. फक्त कुणी विचारलं तर जरा सांभाळून सांग." मी मान हलवली. घरी बायको, लेकरं, म्हातारी आई. मान हलवायला हात लागत नाही.

तेव्हापासून एक सवय लागली. कोणी काही दिलं की आधी मी देणाऱ्याचा दुसरा हात बघतो. तो कुठं आहे, त्यात काय आहे. लोक म्हणतात मी संशयी झालो. झालो. बोटं असताना मी फार विश्वासू माणूस होतो.

आता मी नाटकासाठी निनाद सरांना सापडलो कसा? तर मी गावाकडं सोंगी भारूड करायचो. फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव. आम्ही धनगर, वडिलांची मेंढरं होती, पण वडिलांना सोंगाचा नाद आणि तोच मला लागला. साडी नेसून बाईचं सोंग घ्यायचं, टाळ-पखवाजाच्या पुढं नाचायचं आणि देवाच्या नावाखाली गावाला चार खऱ्या गोष्टी ऐकवायच्या. आमच्या गावात सोंगाची एक रीत आहे. सोंगाड्या गर्दीतल्या मोठ्या माणसाला नाव घेऊन हाक मारतो. पाटील असो, सरपंच असो. त्यानं उठून पुढं यायचं आणि सोंगाड्या विचारील त्याचं उत्तर द्यायचं. सोंगात बोललेलं मनावर घ्यायचं नाही. जो उठून घरी जातो त्याची वर्षभर टर उडते. मी एकदा सरपंचाला विचारलं होतं की गावच्या हौदाचं पाणी तुमच्याच मळ्याकडं कसं काय वळतं, त्याला मळ्याचा रस्ता कुणी दाखवला? सरपंच हसत उभा राहिला. आठवड्यात नळ दुरुस्त झाला.

या रितीवरही माझा फार भरवसा नाही. सोंग संपलं की पाटील ओसरीवर आणि आम्ही अंगणात, हे काही बदललं नाही. पण तेवढी घटका प्रश्न आमचा असायचा. निनाद सरांच्या नाटकात प्रश्नही त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच. माझा फक्त हात.

सप्ताह संपल्यावर दोन दिवसांनी मंगल मला बोलली. मंगल आमच्याच ठेकेदाराची, फुलंब्रीचीच. नवऱ्याची शेती कोरडवाहू, म्हणून कंपनीत. आम्ही रोज एकाच काळी-पिवळीतून यायचो. माझी बोटं गेली त्या प्रेसवर माझ्या जागी तिला बसवलं होतं, हे मला माहीत होतं आणि मी त्याचा विचार करायचं टाळत होतो. जीपमध्ये ती मागच्या बाकावर माझ्यासमोर बसली. गुडघ्याला गुडघा लागतो इतकी गर्दी.

"दादा, सोंग लई झ्याक केलं तुम्ही," ती म्हणाली.

मी बाहेर बघायला लागलो.

"एक विचारू का? माझी बोटं गेल्यावर मी पण मोबाईलवर बोलत व्हते असंच म्हणायचं का? नाय, आधीच पाठ करून ठेवते. मला मोबाईल लावता बी येत नाय धड. पोरगी लावून देती."

जीपमधली चार माणसं हसली. मी हसलो नाही. ती पण हसत नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही तिथं चूक कबूल केली ना, त्या दिवशीच दुपारी सुपरवायझर माझ्या प्रेसपाशी आला. म्हणला, बघितलं ना? आपल्या चुकीनं होतं सगळं. अन् बटनावर नवी पट्टी मारून गेला. जुनी सुटायला आली व्हती."

त्या नव्या पट्टीनं मला राग आला. आधी वाटत होतं की माझी फक्त बेअब्रू झाली, ती मी गिळीन, गरिबाला काय नवीन आहे. पण माझ्या तोंडातून गेलेल्या त्या एका वाक्यानं दुसऱ्या बाईचा हात डायखाली पक्का केला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, इथं चोरानं बोंब मारायलाही मलाच उभं केलं. घरी जाऊन ती बाटली मी मेंढरांच्या वाड्यापलीकडं भिरकावली. बायको म्हणाली चांगली बाटली होती. होतीच.

तुम्ही म्हणाल, युनियन नव्हती का? होती की. परमनंट कामगारांची. उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर तिचं ऑफिस. अध्यक्ष आप्पा. आमच्याच तालुक्याचे, मोठ्या बागायतदार घरातले. त्यांच्या वावरात माझ्या वडिलांची मेंढरं खतासाठी बसायची. आप्पा कंपनीत परमनंट, आणि शिवाय शेती, शिवाय पुढारपण. त्या वर्षी त्यांचा कंपनीशी पगाराचा करार व्हायचा होता. कंपनी म्हणत होती, तुमच्यामागं माणसं किती ते दाखवा. म्हणून गेटवर मोठी सभा घ्यायची ठरली आणि अचानक त्यांना आमची आठवण झाली. ठेक्यावरची माणसं आमच्याकडं परमनंटपेक्षा कितीतरी जास्त.

आप्पांनी मला बोलावून घेतलं. चहा आला. बिस्किटं पण आली. मी दुसरा हात शोधायला लागलो.

"तुझं सोंग मी बघितलंय लेका, तुझ्या बापाचंही बघितलंय," आप्पा म्हणाले. "तुमच्या लोकांत कला रक्तातच असती. आपण कलापथक काढू. माझ्या भाषणाआधी दहा मिनिटं. गर्दी धरून ठेवायची, बस्स."

रक्तात काय असतं ते मला माहीत नाही. मी वडिलांच्या हातचा मार खाऊन ताल शिकलो.

त्यांनी औरंगपुऱ्यातले एक नाटकवाले सर आणले होते, मकरंद सर. खादीचा झब्बा, गोड बोलणं. माणूस वाईट नव्हता. कला ही कामगाराच्या हातातलं हत्यार आहे, असं ते कळवळून सांगत होते आणि ते मला पटतही होतं. मग त्यांनी मला लिहिलेला कागद दिला. "या भांडवलशाही राक्षसानं माझी बोटं खाल्ली!" असं मी म्हणायचं, आणि मागून डफ.

"आणि तिथं हात वर," मकरंद सर म्हणाले. "अजून वर. मागच्यांना दिसला पाहिजे."

तेच शब्द. कोणी कोणाला शिकवले नव्हते. दोघांनाही माझा हात मागच्यांना दाखवायचा होता, आणि त्या हाताच्या मालकाला काय म्हणायचंय हे दोघांनीही विचारलं नव्हतं.

मी विचारलं, "आप्पा, तुमच्या मागण्यांत बटनाचं हाये का?"

"कसलं बटन?"

"प्रेसचं. बांधलेलं. तिथं आता मंगल बसती."

खोलीत आणखी चारपाच परमनंट कामगार बसले होते. सगळे चहाच्या ग्लासात बघायला लागले. आप्पा म्हणाले, "ते बारीकसारीक हाये. करारात मोठं बोलायचं असतंय."

मी म्हणालो, "मग आम्हाला सभासद तरी करा. आम्ही आत येऊन बारीकसारीक बोलतो."

"युनियनच्या घटनेत बसत नाय. तुमचं पुढं बघू."

बाहेर पडताना साळवे काका माझ्याबरोबर खाली आले. परमनंट, म्हातारे, स्वभावानं सरळ. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बटनाचं काढू नको बाबा. एकहाती बंद झालं तर माल कमी निघंल. मालावर आमचा इन्सेन्टिव्ह हाये. खोटं काहून बोलू?"

काकांचा मला राग आला नाही. त्या सगळ्यांत खरं बोलणारे ते एकटेच. पण रस्त्यावर आल्यावर मला ते उमगलं. चिकटपट्टी कंपनीनं मारली होती, आणि तिचं दुसरं टोक उस्मानपुऱ्यात निघालं. प्रेसवर आमचा हात, आणि मालाचा हिशोब वर दोन ठिकाणी. मला वाटलं, सोडून द्यावं सगळं. कुणाच्याच स्टेजवर जाऊ नये. गावी जाऊन मेंढरं हाकावीत, मेंढरं निदान टाळ्या वाजवत नाहीत.

मंगलला सांगितलं तर ती म्हणाली, "माईक देतायत ना? घ्या की. बोलायचं काय ते आपण बघू."

"आपण?"

"मग? प्रेसवर तुम्ही नाय बसत आता. मी बसते."

काळी-पिवळीतच आमच्या तालमी झाल्या. फुलंब्री ते चिकलठाणा, सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना. आम्ही दोघं आणि पॅकिंगचा शेख रशीद. रशीद डबा वाजवायचा. कागद कोणाकडं नव्हता. एक नियम मी केला, तो मात्र कडक होता. जे कानानं ऐकलं नाही ते बोलायचं नाही. सुपरवायझर जे बोलतो तेच शब्द, ठेकेदार जे बोलतो तेच. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. राक्षस नाही, रक्त नाही, क्रांती नाही. जीपमधली माणसंही मदत करायला लागली. "अरे, तो असं म्हणतो, 'घरी बसायचंय का?' मान वाकडी करून म्हणतो." ड्रायव्हर आरशातून बघायचा आणि नको तिथं ब्रेक मारायचा.

एकदा मला मंगलचाच संशय आला. दुपारच्या सुट्टीत ती सुपरवायझरशी हसून हसून बोलत होती, त्याच्या मागं मागं चालत होती. मी मनात म्हटलं, संपलं, ही पण विकली. संध्याकाळी जीपमध्ये मी तिच्याशी बोललो नाही. अर्ध्या वाटेत तिनं पदर खोचला, एक खांदा खाली पाडला, बोटात किल्ली फिरवली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "काय मंगलबाई, आज गती मंद का?" सगळी जीप ओरडली. हुबेहूब सुपरवायझर. ती त्याची चाल उचलत होती. मी माफी मागितली नाही, पण मला फार बरं वाटलं. माझ्या डोळ्यांना आता सगळीकडं साप दिसत होते, दोरीतसुद्धा.

मकरंद सरांनी तालीम कुठवर आली म्हणून विचारलं. मी म्हणालो, पाठ आहे. खोटं बोललो नाही. पाठच होतं.

सभा पाळी सुटायच्या वेळी होती. गेटसमोर मोकळ्या जागेत मंडप, पुढं परमनंट कामगार खुर्च्यांवर, मागं आम्ही उभे. इथं पण तसंच. गेटच्या आतून सिक्युरिटीवाले मोबाईलवर शूटिंग करत होते. त्यांना मोबाईल चालतो. निनाद सरही काचेमागं होते, मला दिसले.

आप्पांनी माईकवर सांगितलं, "आता आपला कलाकार येईल आणि आपली व्यथा मांडेल."

मी सुपरवायझर झालो नाही. ते सोंग मंगलनं घेतलं. मी साडी नेसलो आणि मंगल झालो. कॅन्टीनचं एक टेबल आणून ठेवलं होतं, ती प्रेस. रशीदनं डब्यावर ठेका धरला. ठेव, ठाक, काढ. मी डाव्या हातानं बटण दाबत होतो आणि उजव्या हातानं, आहे त्या बोटांनी, पार्ट ठेवत होतो. मंगल खांदा पाडून, किल्ली फिरवत आली. "एकहाती जमतं का? घरी बसायचंय का?" मागची सगळी गर्दी हसली. हे हसू कंपनीच्या शेडमधलं नव्हतं. ओळखीचं हसू होतं. मग मंगलनं कमरेची चिकटपट्टीची रीळ काढली आणि टेबलाच्या कडेला चर्रकन् ओढून लावली. तो आवाज सगळ्यांच्या कानाचा आहे. हसू एकदम थांबलं.

मी एकदाही हात वर केला नाही. ज्यांना बघायचा होता त्यांना तो कामावर दिसत होता.

मग मी थांबलो, पदर सावरला आणि बाईच्या आवाजात हाक दिली. "आप्पा! ओ आप्पा! जरा इकडं या बरं."

मकरंद सर स्टेजच्या कडेनं मान हलवत होते, नाही, नाही. आप्पा आमच्याकडचे. त्यांना रीत माहीत. बसून राहावं तर हसं, निघून जावं तर जास्त हसं. ते आले. हसतच आले.

मी म्हणालो, "आप्पा, लेकराबाळांची बाई मी. एवढी पट्टी तेवढी काढता का? माझा हात गुंतलाय."

आप्पा माईककडं वळले. "बघा मित्रहो! कंपनीनं आपल्या भगिनींची काय अवस्था..."

मंगलनं मध्येच हात केला. सुपरवायझरचा खांदा सोडून ती सरळ उभी राहिली. आता ती सोंगात नव्हती. "कंपनीचं मागून सांगा आप्पा. कंपनीला आम्ही वळखतो. तुम्ही पट्टी काढायला तयार हाये का नाय, तेवढं बोला."

"त्याचं बैठकीत ठरवू आपण."

"बैठकीत आम्ही नसतो."

पुढच्या खुर्च्यांवर कोणी हललं नाही. मागून मात्र कोणीतरी मांडीवर थाप मारली. एकहाती. ठाक. मग दुसऱ्यानं. मग मागची सगळी माणसं एका हातानं मांडीवर थापा मारायला लागली, प्रेसच्या ठेक्यात. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. आप्पा त्या आवाजात उभे होते आणि त्यांचा हात टेबलाकडं गेला नाही. त्यांनी हात खिशात घातला. ज्याला मी संशय समजत होतो ती माहिती होती, हे मला तेव्हा कळलं.

माईक बंद झाला. लाईट गेली म्हणाले. मंडपातले पंखे फिरत होते.

दुसऱ्या दिवशी गेटवर मला अडवलं. ठेकेदारानं सांगितलं, तुझं काम नाही. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, "वरून." आमच्या बाबतीत वर दोन आहेत, कंपनी आणि युनियन. कोणत्या वरून ते मला आजही माहीत नाही. दोन्हींचं एकमत पहिल्यांदाच झालं असावं.

पण त्याच सकाळी आत मंगलनं बटणाची पट्टी स्वतः काढली. शेजारच्या प्रेसवरच्या बायांनी काढली. दुपारपर्यंत त्या ओळीला एकही पट्टी राहिली नाही. दोन्ही हातांनी काम. सुपरवायझर नाचला, शिव्या दिल्या, नोटीस देतो म्हणाला. मंगल म्हणाली, "द्या ना. लिहा, बाईनं बांधलेलं बटन सोडलं म्हणून." तो किल्ली फिरवत निघून गेला. कारण असं लिहायचं तर बटण बांधलेलं होतं हे आधी लिहावं लागतं. नोटीस आली नाही, आणि अख्खी ओळ एकदम गेटबाहेर काढली तर प्रेस बंद पडतात, म्हणून कोणाला काढलंही नाही. माल कमी निघाला. परमनंटवाले मंगलशी बोलेनासे झाले, साळवे काका सोडून. ते तिला म्हणाले, "माझा इन्सेन्टिव्ह गेला बाई. पण तुझं बराबर हाये." फार गोड मानून घेऊ नका. तिला आता रोज वेगळ्या कामावर फिरवतात. कंटाळून जाईल अशी वाट बघतात. पट्ट्या परत लावायला त्यांना एक ऑडिट संपायचीच खोटी आहे.

निनाद सरांचा फोन आला. गोड आवाज. पुढच्या सप्ताहात नाटक माझ्या पद्धतीनं करू, मला परत आत घेता येईल का ते बघू, असं म्हणाले. मी विचारलं, बटण दाखवायचं का? ते म्हणाले, "थीम पॉझिटिव्ह ठेवू." मी फोन ठेवला.

मग आप्पांनी बोलावलं. मी मंगल आणि रशीदला घेऊन गेलो. आप्पा म्हणाले, झालं गेलं विसर, तुला युनियनच्या कलापथकाचा प्रमुख करतो. मानधन, झब्बा, जिल्हाभर कार्यक्रम. आता मला कळतं की माणसाला गप्प करायचे दोन रस्ते आहेत. एक गेटबाहेर काढायचं, आणि दुसरा कायमचं स्टेजवर ठेवायचं.

मी विचारलं, "सभासद?"

"अरे, कलाकाराला कशाला पाहिजे सभासदत्व? कलाकार सगळ्यांचाच असतो."

मंगल उठली. मी पण उठलो. मी आप्पांना सांगितलं ते असं. भाषणाआधी मी सोंग करणार नाही, कोणाच्याच. ठेक्यावरचा प्रत्येक माणूस सभासद, आणि बटण पहिली मागणी. हे झाल्यावर सोंग. तुमच्या घटनेत बसत नसेल तर घटना बदला, ती काय दगडावर कोरलेली नाही. नाही बदलली तर आमची वेगळी युनियन आम्ही काढू, आणि तेव्हा ती प्रेसची अख्खी ओळ आमच्यामागं असेल. तुम्ही मोजून घ्या.

रविवारी युनियनची बैठक आहे, घटना बदलायची तर तिथंच बदलेल. आम्हाला बोलावलेलं नाही. ऑफिसला जायला जिना एकच आहे, अरुंद. आम्ही ठेक्यावरची माणसं सकाळपासून त्याच्यावर बसणार आहोत, खालच्या पायरीपासून वरच्यापर्यंत. डबा नाही, साडी नाही. ज्याला वर जायचंय त्यानं आम्हाला ओलांडून जावं.